तबकडीच्या मागे

गनरबेक, यॉर्कशायर
४ ऑक्टोबर १९९४

प्रिय थर्झा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता शेजारच्या मिसेस डिन्स्डेलकडून लिहून घेतला. म्हणजे पहिली फसवणूक दारातच झाली. माफ कर आणि आता उघडलंच आहेस तर वाच.

मी ईनॉक. तुझा भाऊ. तेवीस वर्षांपूर्वी तुला पाच ओळींचं पत्र पाठवणारा तोच.

कॉलिन गेल्याचं चॅपलमध्ये कळलं. वाईट वाटलं. तुझ्या लग्नात मी त्याच्याशी धड बोललोही नव्हतो. मेंढ्यांतला माणूस, याला घड्याळातलं काय कळणार, असं काहीतरी मनात धरून बसलो होतो. तो तुला पस्तीस वर्षं जपत होता असं ऐकतो. माझ्याच्याने तेवढं कुणाला जपणं झालं नाही.

आता कामाचं. मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. गुडघे गेले आणि उजवा हात थरथरतो. घड्याळजीचा हात थरथरायला लागला की त्याने हत्यारं खाली ठेवावीत, म्हणून मार्चमध्ये दुकान बंद केलं आणि पाटी उतरवली. ‘जे. आयव्हसन आणि चिरंजीव’. चिरंजीवाला आता स्वतःच्या घराचा जिना चढवत नाही.

नाताळ झाला की मी फेल व्ह्यूत राहायला जाणार आहे. जुना पाद्रीवाडा, आता तिथे आमच्यासारखे म्हातारे ठेवतात. मला मिळालेली खोली अगदी वरची, उतरत्या छताची; लिफ्ट आहे, म्हणून गुडघ्यांना चालेल. सर्वांत उंच भिंतीपाशी छत सहा फूट दहा इंच, आणि आपलं घड्याळ सात फूट एक. तिथल्या मिस प्लॉज मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, “अहो मिस्टर आयव्हसन, त्यात एवढं काय? खालून तीन इंच कापून टाका की! फळकूटच तर आहे.”

“बाई,” मी म्हणालो, “तुमचे पाय गुडघ्यात कापले तर तुम्हीही माझ्या खोलीत ताठ उभ्या राहाल.”

त्या दिवशी चहाबरोबर बिस्किट आलं नाही.

तुला ठाऊकच आहे, या दरीतली निम्मी उभी घड्याळं अशीच पायांतून कापलेली आहेत. बुटकी घरं, खाली ओल्या फरशा. पाय कुजले की शेतकरी करवत घेतो. आपल्याच घड्याळाचे पाय शाबूत राहिले, कारण आजोबांनी त्याच्याखाली शिशाचा पत्रा घातला होता. काटाही अजून एकच आहे. हॅरोगेटहून एक व्यापारी बघायला आला होता. एका काट्याचं, दोनशे पन्नास वर्षांचं आणि मागून कुणी दुसरा काटा न बसवलेलं घड्याळ बघून त्याला इतकं भरून आलं, की मला वाटलं आता रुमाल द्यावा लागतो. मी त्याला विकलं नाही.

मला मूलबाळ नाही. घड्याळ तू घे. खोक्यात बांधून जहाजाने तुझ्या ड्युनेडिनला पाठवायची सोय होते, मी चौकशी केली आहे. माझ्या मनात काही किल्मिष नाही. तुझ्याही नसावं.

तुझा भाऊ,
ईनॉक


गनरबेक
२ नोव्हेंबर १९९४

प्रिय थर्झा,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. मी पाच लिहिल्या होत्या, तू तीन लिहिल्यास. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

‘घड्याळ नको,’ तू लिहितेस. ‘मला द्यावं असं बाबांच्या मनात असतं तर त्यांनी दिलं असतं. त्यांच्याकडे माझ्यासाठी काहीच नव्हतं, हे तूच मला कळवलं होतंस.’

होय, मीच कळवलं होतं.

हे पत्र पोचायच्या आत मी घड्याळ बांधायला काढलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुझ्या होकाराची वाट न बघताच कामाला लागलो. आणि थर्झा, गेल्या मंगळवारी मला एक गोष्ट सापडली आहे. तुला ती सांगायलाच हवी.

वरचा टोप पुढे ओढून काढला. साखळीतून वजन सोडवलं, लंबक उतरवला. काट्याची खीळ उपटली, काटा काढला आणि तबकडीच्या चार खुंट्या सोडवून ती बाकावर पालथी घातली. आपल्यातली रीत तुला काय सांगायची? जो घड्याळजी घड्याळ उघडून साफ करतो, तो तबकडीच्या पाठीवर टोच्याने आपलं नाव आणि तारीख कोरतो. घराच्या मालकाला ते जन्मात दिसत नाही. दिसतं ते पुढच्या घड्याळजीला. आपल्या तबकडीमागे आजोबांची पाच नावं आहेत, बाबांची सहा. बाबांच्या हयातीत ते घड्याळ उघडायची मला मुभा नव्हती, आणि त्यांच्या पश्चात माझा धीर झाला नव्हता.

सहाव्या नावाच्या खाली बाबांनी कोरलंय, जसंच्या तसं उतरवतो:

‘ठोक्यांचे चाक माझी मुलगी थर्झा हिने कापले, १९४३. माझ्याहून चांगला हात. हे घड्याळ तिचे. जे. आय., १९६२.’

१९६२ म्हणजे तू जाऊन तीन वर्षं झाली होती. तुझी पत्रं यायची, ते चष्मा लावून वाचायचे, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचे आणि उत्तर लिहायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, “बाबा, दोन ओळी लिहा की तिला.” तर म्हणाले, “काय लिहायचं? पाऊस पडतोय म्हणून?” आणि त्याच वर्षी त्या माणसाने पितळेवर हे लिहून ठेवलं.

ते चाक तुला आठवत असेलच. मी तेव्हा लष्करात, आफ्रिकेत. घरी परत आल्यावर तुम्हीच सांगितलंत, की युद्धात पितळ मिळेना म्हणून तू चॅपलच्या फुटक्या वर्गणीच्या ताटातून चाक कापलंस आणि कानशीने एकेक खाच केलीस. बाबा म्हणायचे, “दर तासाला हे घड्याळ परमेश्वराचे पैसे मोजतं.” पण ते तू केलंस हे त्यांनी बाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं.

तर घड्याळ माझं नाहीच. तुझं आहे. आता तरी घे.

ईनॉक


गनरबेक
२७ नोव्हेंबर १९९४

प्रिय थर्झा,

तुझी आठ पानं काल आली. मी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला आणि माझ्याने पुढे वाचवेना.

तू लिहितेस की ती ओळ वाचून तू स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडलीस, सत्तर वर्षांची बाई, कुत्रा बाजूला उभा. लिहितेस की बाबा तुझ्यावर रागावूनच गेले असं धरून तू इतकी वर्षं काढलीस. देवाघरी जाईन तेव्हा बाबा तोंड फिरवतील अशी भीती वाटायची, असंही लिहिलंस. आणि मला ‘लाडका नॉक’ म्हटलंस. या नावाने मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

शेवटी लिहिलंस, ‘त्या अक्षरांचा फोटो काढून पाठव, मला जहाज येईपर्यंत दम धरवत नाही.’

मिसेस डिन्स्डेलकडे फोटो लगेच बाहेर येणारा कॅमेरा आहे. काल दुपारीच त्यांना बोलावलं. तबकडी खिडकीपाशी उजेडात पालथी धरली. त्या डोळ्याला कॅमेरा लावून वाकल्या आणि तशाच थांबल्या.

“अहो, ईनॉक,” त्या म्हणाल्या, “वडिलांच्या खाली हे ई. आय. कोण?”

मी तबकडी जरा तिरकी केली.

“ई. आय. एकोणीसशे एकाहत्तर. ई. आय. ऐंशी. ई. आय. एकोणनव्वद.” त्यांनी मान वर केली. “तुम्हीच की हो!”

“मीच.”

“आणि तिला काय लिहिलंत? गेल्या महिन्यात सापडलं म्हणून?”

“गेल्या मंगळवारी.”

“कोणत्या सालातल्या?” बाई तोंडाने फटकळ, तुला माहीतच आहे. मग माझ्याकडे बघून जरा नरमल्या. “बरं, असं करा. अंगठा ठेवा त्याच्यावर. नुसती तबकडी धरल्यासारखा. फोटोत कळायचं नाही.”

आणि मी अंगठा ठेवला, थर्झा. त्यांनी फोटो काढला.

त्या गेल्यावर मी बाकावर बसलो. समोर पितळ घासायची पावडर होती, चिंधी होती. तीन ओळी, दहा मिनिटांचं काम. जहाजात चढायच्या आधी सगळं लख्ख झालं असतं. पण बाबांची ओळ आणि माझी पहिली तारीख यांच्यात दोरा जाईल एवढंही अंतर नाही. माझं खोटं घासायला गेलो तर त्यांचं अक्षर पुसट होणार. मी चिंधी फिरवली नाही, याचं मोठेपण मला देऊ नकोस. एकदा उचलली होती, मग ठेवली.

आता खरं सांगतो.

फेब्रुवारी एकाहत्तरमध्ये बाबा दुपारी गेले. रिवाजाप्रमाणे मी लंबक धरून घड्याळ थांबवलं. दफन झाल्यावर पुन्हा चालू केलं, तर तासाभरात बंद पडलं, आणि ठोके भलतेच, तीनला सात. म्हणून दुसऱ्या दिवशी खाली उतरवून उघडलं. त्या दिवशी मी ती ओळ वाचली. दफनानंतरच्या जेवणासाठी चॅपलमध्ये लोकांनी दिलेलं हॅम अजून ताटात होतं.

साफ केलं, तेल दिलं, जोडायला घेतलं. सगळा वेळ डोक्यात एकच चाललं होतं, की हे कुणाला दिसता कामा नये. आणि काम संपल्यावर हाताने आपोआप टोच्या उचलला आणि त्या ओळीच्या खाली नाव आणि साल कोरलं. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून हाताला तेवढं वळण होतं. तबकडी खुंट्यांवर बसवून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चोराने चोरीच्या जागी स्वतःचं नाव लिहून ठेवलंय. पुन्हा उघडायला हवं होतं. उघडलं नाही, कारण ती ओळ परत वाचायची माझी तयारी नव्हती. पुढे दोनदा साफ करायला उघडावंच लागलं, दोन्ही वेळा वाचली, आणि दोन्ही वेळा तारीख कोरली. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मधे कुणी साफ केलं नसतं तर घड्याळ तेवीस वर्षं चाललं असतं का, हे तू विचारायला हवं होतंस. कुणाही घड्याळजीने विचारलं असतं. तू आनंदात विसरलीस, आणि तेच मला सर्वांत लागलं.

नऊ दिवसांनी तुझं पत्र आलं होतं. ‘बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का? एक शब्द असला तरी लिही.’ मी लिहिलं, ‘काहीही बोलले नाहीत. घड्याळ माझ्याकडे राहील.’ बोलले नव्हते हे खरंच होतं. या एका शब्दाच्या आडोशाला मी तेवीस वर्षं बसून काढली.

कारण विचारशील. मत्सर. मी दुसरा बरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

मी युद्धावरून आलो आणि बाबांनी पाटी लावली. तू सहा वर्षं दुकान ओढलं होतंस आणि पाटीवर चिरंजीव मी. पुढची तेरा वर्षं तू मागच्या बाकावर बसून घड्याळं उघडायचीस आणि पुढच्या बाकावर मी त्यांवर ई. आय. कोरायचो. अठ्ठावन्न साली त्या हॉजसनच्या, आठ दिवसांतून एकदा चावी द्यायच्या घड्याळावरून जे झालं ते मी विसरलेलो नाही. चंद्राची कला दाखवणारी ती चकती तू महिनाभर खपून ठीक केली होतीस.

तू म्हणालीस, “बाबा, या वेळी टी. आय. कोरते.”

“कोर की,” बाबा म्हणाले. “म्हणजे उद्या हॉजसन घड्याळ गाडीत घालून परत आणेल. पोरीबाळींनी उघडलेलं घड्याळ दारात नको म्हणेल.”

“चालतंय ना पण नीट?”

“चालतंय म्हणूनच सांगतो. चालत्या घड्याळाची चौकशी कशाला ओढवून घ्यायची?”

तू माझ्याकडे बघितलंस. मी एक शब्द बोललो असतो तर बाबा ऐकले असते असं नाही, पण मी बोलायला हवं होतं. मी काय केलं? टोच्या घेतला आणि ई. आय. कोरलं. तू ॲप्रन काढून खुंटीला अडकवलास. पुढच्या वर्षी तू बोटीवर होतीस, आणि बाबा स्टेशनवर आले नाहीत.

त्या बाकावर मी त्यांच्या शेजारी पंचवीस वर्षं बसलो. ‘चांगला हात’ असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत. तुला म्हणाले, तेही तू हजारो मैलांवर असताना, पितळेवर, माझ्या पाठीमागे. ते वाचून मला वाटलं, हिला एवढंही मिळू नये. माणूस इतका कोता असू शकतो हे मला स्वतःवरूनच कळलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तेवीस वर्षं खवखवलं आणि तरी मी घोट गिळत राहिलो.

दोन्ही फोटो पाठवतो आहे. एक अंगठा ठेवलेला, एक काढलेला. दुसरा काढायला आज सकाळी मिसेस डिन्स्डेलना पुन्हा बोलावलं. जाताना त्या म्हणाल्या, “आता निदान टपालात तरी टाका. खिशात घालून बसू नका वडिलांसारखे.”

टाकतो आहे.

ईनॉक


फेल व्ह्यू, गनरबेक
१९ जानेवारी १९९५

प्रिय थर्झा,

सात आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मी वाट बघतो म्हणण्याचा मला हक्क नाही, पण बघतो. टपालवाला इथे साडेदहाला येतो आणि मी सव्वादहापासून जिन्याच्या वरच्या पायरीवर असतो. मिस प्लॉजना वाटतं मला कुणी मैत्रीण आहे.

घड्याळ तुला विचारून पाठवायचं होतं. पण ते माझं नाही, तुझं आहे, आणि तुझी वस्तू तुला पोचवायला परवानगी कशाला हवी? सोमवारी बंदरावर गेलं. मार्चअखेर पोचेल. तुला नकोच असेल तर विक, कुणाला दे, जाळ. पण तबकडी आधी बघ.

लावायचं कसं हे तुला मी सांगणं म्हणजे मासळीला पोहायला शिकवणं, तरी पस्तीस वर्षांत तुझ्या हाताची सवय मोडली असेल म्हणून लिहितो. घड्याळाची लाकडी पेटी भिंतीला मागून पक्की बांध, नाहीतर लंबकाबरोबर हलत राहते आणि घड्याळ थांबतं. खाली शिशाचा पत्रा घाल, तो मी वेगळा गुंडाळून ठेवला आहे. तुझी फरशी कशी आहे मला माहीत नाही, म्हणून लाकडाच्या पातळ पाचरीही आहेत. टिक आणि टॉक यांत सारखं अंतर येईपर्यंत ऐकत राहा. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता. ठोके वेळेशी जुळणार नाहीत. घाबरू नकोस, तबकडीमागची ठोक्यांची कळ उचल आणि खरा तास लागेपर्यंत वाजू दे. तुझंच चाक आहे, तुझं ऐकेल.

साखळी रोज सकाळी ओढायची. मी चाळीस वर्षं न्याहारीआधी ओढली. इथे अजूनही जाग आली की माझा हात भिंतीकडे जातो. भिंतीवर फुलाफुलांचा कागद आहे, दुसरं काही नाही. एकाच काट्यावर वेळ बघायची सवय असल्यामुळे मला इथलं दोन काट्यांचं घड्याळ उगाचच घाई करतंय असं वाटतं.

आतल्या खोक्यात, वजनाशेजारी, चामड्यात गुंडाळून टोच्या ठेवला आहे. बाबांचा. मूठ नाशपातीच्या लाकडाची, तू दाताने चावलेली खूण अजून तिथे आहे. दुकानातली बाकी सगळी हत्यारं गेली. तो मी राखून ठेवला.

मी या दरीतल्या दोनशे घड्याळांवर तुझ्या कामाखाली माझं नाव कोरलंय. ती घड्याळं आता कुठे कुठे विखुरलीत, ती उघडून मला दुरुस्त करता येणार नाहीत. हे एकच हाताशी होतं. माझ्या एकोणनव्वदच्या तारखेखाली दोन बोटं जागा मोकळी आहे. पितळ जुनं आणि मऊ आहे, जोर लावावा लागणार नाही.

घड्याळ उघड, साफ कर, आणि नाव कोर. पूर्ण कोर, नुसतं टी. आय. नको. आणि तारीख ज्या दिवसाची असेल त्याच दिवसाची घाल.

नॉक